झोरा आर्कस-डंटोव्ह

झोरा आर्कस-डंटोव्ह (जन्म : ब्रसेल्स, बेल्जियम, २५ डिसेंबर १९०९, मृत्यू : डेट्रॉइट, अमेरिका, २१ एप्रिल १९९६) हे रशियन ज्यू कुळातील अमेरिकन मोटार-अभियंते व शर्यतपटू होते. जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले विभागात त्यांनी १९५३ पासून १९७५ च्या प्रारंभापर्यंत काम केले. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. तो तंतोतंत खरा नाही, कारण ते कंपनीत रुजू होण्यापूर्वीच ही मोटार तयार झाली होती. साध्या मोटारीला जादा शक्तीचे सुटे भाग बसवून तिचा वेग वाढवण्याचा छंद अमेरिकेतील तरुण आपापल्या गॅरेजात जोपासत होते. त्या छंदाची दखल एका बलाढ्य कारखान्याला घ्यायला लावणे, हे डंटोव्ह यांचे अधिक महत्त्वाचे कार्य होय.

पूर्वायुष्य

त्यांचे वडील जॅक आर्कस हे खाण-अभियंते होते, तर आई रेचेल वैद्यकाची विद्यार्थिनी होती. कुटुंब पुढे रशियात पेट्रोग्राड येथे परतले. आईवडील विभक्त झाल्यावर आईने जोसेफ डंटोव्ह या अभियंत्याबरोबर संसार मांडला. पुढे झोरा व त्यांचे धाकटे बंधू युरा यांनी दोन्ही आडनावे जोडून लावली. १९२७ मध्ये हे कुटुंब बर्लिनला गेले. तेथे झोरा यांनी मोटारसायकल घेतली. तिच्यावरून त्यांची भरधाव रपेट पाहून आईवडिलांना धडकी भरली आणि त्यांनी मोटारसायकल देऊन मोटार घेण्याचा आग्रह धरला. मुलाने आज्ञा पाळली, पण घेतली ती शर्यतीची मोटार. तिला पुढच्या चाकांचे ब्रेकच नव्हते.

१९३४ मध्ये शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यापीठातून त्यांनी पदवी मिळवली. १९३९ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा विवाह एल्फी वोल्फ या जर्मन नर्तकीशी झाला. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि दोघे भाऊ फ्रेंच हवाई दलात दाखल झाले. १९४० मध्ये फ्रान्स शरण गेल्यावर ज्यू कुटुंबाला तेथे राहणे अशक्य झाले. एल्फी यांनी जर्मन सैन्य पोहोचण्याआधी पॅरिसहून आपली लहानशी एमजी मोटार दक्षिणेकडे हाकली. पुढे पोर्तुगालमार्गे सारे कुटुंब अमेरिकेस पोहोचले.

आर्डन सिलिंडर हेड

न्यू यॉर्कमध्ये दोघा भावांनी आर्डन मेकॅनिकल ही कंपनी काढली. आर्कस व डंटोव्ह या दोन आडनावांच्या आद्याक्षरांतून हे नाव बनले. युद्धकाळात कंपनीला लष्करी कामे मिळाली. युद्ध संपताच ती आटली आणि नवे उत्पादन शोधणे भाग पडले.

त्या काळी अमेरिकेत वेगाच्या शौकिनांचे आवडते इंजिन फोर्डचे व्ही-आठ हे होते. १९३२ पासून ते सामान्यांच्या मोटारीत मिळू लागले होते. त्यात एक मूळ दोष होता. त्याच्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नसून बाजूला, इंजिनाच्या ठोकळ्यातच बसवलेल्या होत्या. त्यामुळे तापलेला धूर ठोकळ्यातून वाट काढत बाहेर पडे आणि इंजिन फार तापे. ओझे वाहणाऱ्या ट्रकना याचा विशेष त्रास होई. डंटोव्ह यांनी या इंजिनासाठी ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड आखले. त्यात झडपा माथ्यावर आल्या, ज्वलनकक्षाला अर्धगोलाचा आकार मिळाला आणि धुराला हेडमधूनच थेट बाहेर जाण्याची वाट मिळाली. मालकाने नवे इंजिन घ्यायचे नाही. जुने हेड उतरवून नवे चढवायचे, एवढेच. मूळचे सुमारे १०० अश्वशक्तीचे हे इंजिन शर्यतीसाठी नीट जुळवल्यास त्याच्या कितीतरी पट शक्ती देऊ लागले.

कल्पना उत्तम असली तरी व्यापार बुडाला. हे हेड महाग होते, आकाराने रुंद असल्याने मोटारीत बसवताना अडचण होई, आणि ज्यांच्यासाठी ते मुळात आखले त्या ट्रकमालकांनी त्याकडे पाठ फिरवली. ते उचलून धरले कॅलिफोर्नियातील हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या मोटारी सोलून, हलक्या करून कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर पळवणाऱ्या मंडळींनी. त्यांच्या बळावर कारखाना चालण्यासारखा नव्हता. कंपनी बंद पडली. मात्र आपला खरा गिऱ्हाईक कोण, हे डंटोव्ह यांना येथेच कळले असावे.

शेव्हरोलेतील प्रवेश आणि १९५३ चे टिपण

इंग्लंडमध्ये सिडनी ॲलार्ड यांच्या कारखान्यात काही काळ काम करून ते अमेरिकेस परतले. जानेवारी १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी कॉर्व्हेट पाहिली. फायबरग्लासच्या त्या देखण्या कायेत सहा सिलिंडरांचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. रूपाला साजेसा वेग तिच्यात नव्हता. डंटोव्ह यांनी शेव्हरोलेचे मुख्य अभियंते एड कोल यांना पत्र लिहिले आणि १ मे १९५३ रोजी ते तेथे नोकरीस लागले.

१६ डिसेंबर १९५३ रोजी त्यांनी आपले वरिष्ठ मॉरिस ऑली यांना तरुण, हॉट रॉडवाले आणि शेव्हरोले या विषयावर टिपण सादर केले. त्याचा आशय असा : हॉट रॉडची मासिके उघडावीत तर पानोपानी फोर्ड दिसते. तरुण फोर्डपासून सुरुवात करतात, कारण तिच्यासाठी वेगवर्धक भाग सहज मिळतात. आणि पुढे संसारी झाल्यावरही त्यांची निष्ठा तिच्याकडेच राहते. शेव्हरोलेचे नवे व्ही-आठ इंजिन बाजारात आल्यानंतर बाहेरचे कारागीर आपणहून त्याचे भाग बनवतील, पण त्याला काही वर्षे जातील. तेव्हा कॅमशाफ्ट, झडपा, कार्ब्युरेटर जोडण्याचे भाग अशी सामग्री कंपनीनेच चाचणी घेऊन तयार ठेवावी. नोकरीला आठ महिनेही न झालेल्या परदेशी माणसाने हे लिहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे धोरण हळूहळू अमलात आले. १९५६ साठी त्यांनी आखलेला कॅमशाफ्ट डंटोव्ह कॅम या नावाने ओळखला जातो. झडपा केव्हा व किती वेळ उघड्या राहाव्यात, हे कॅमशाफ्ट ठरवतो. तो बदलताच त्याच इंजिनाचा स्वभाव पालटतो. हा कॅम बसवलेली कॉर्व्हेट जानेवारी १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर त्यांनी स्वतः ताशी १५० मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर वेगाने चालवली. १९५७ मध्ये इंधन-अंतःक्षेपण असलेले २८३ घनइंचांचे इंजिन २८३ अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले. शर्यतीचे भक्कम सस्पेन्शन व ब्रेकही मागणीनुसार कारखान्यातच बसवून मिळू लागले. कारखान्याने बसवलेला भाग आणि मालकाने मागाहून बसवलेला भाग यांत कायदाही फरक करतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही.

शर्यती आणि संघर्ष

ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत १९५४ व १९५५ मध्ये पोर्श मोटार चालवून त्यांनी आपल्या गटात विजय मिळवला. १९५५ च्या शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९५७ मध्ये अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहण्याचा ठराव केला. डंटोव्ह यांची पुढील कारकीर्द या बंधनाशी झगडण्यात गेली. कॅरोल शेल्बी यांच्या फोर्ड इंजिनाच्या कोब्रा मोटारीला उत्तर म्हणून त्यांनी ग्रँड स्पोर्ट ही हलकी कॉर्व्हेट आखली. सव्वाशे मोटारींची योजना होती. वरिष्ठांनी काम थांबवले तेव्हा पाचच तयार झाल्या होत्या.

सजावटीबाबतही त्यांचे मत परखड होते. १९६३ च्या कॉर्व्हेटची मागची काच मधल्या पट्टीने दुभंगलेली होती. रचनाकार बिल मिचेल यांना ती प्राणप्रिय, तर मागचे दिसत नाही म्हणून डंटोव्ह यांना नकोशी. पुढच्याच वर्षी पट्टी गेली. आज मात्र जुन्या मोटारींचे संग्राहक त्या दुभंगलेल्या काचेच्या मोटारीलाच अधिक किंमत मोजतात.

१९६० च्या दशकात मसल कारचा जमाना आला. शेव्हरोलेच्या लहान व्ही-आठ इंजिनासाठी कंपनीचे व बाहेरच्या कारागिरांचे भाग इतके विपुल झाले की, फोर्डच्या मोटारीतही ते बसवले जाऊ लागले. २०११ पर्यंत या घराण्यातील दहा कोटी इंजिने तयार झाली.

अखेर

इंजिन चालकाच्या मागे असलेली कॉर्व्हेट विक्रीस यावी, यासाठी डंटोव्ह यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. कंपनीने ते मान्य केले नाहीत. जानेवारी १९७५ मध्ये ते निवृत्त झाले. तशी कॉर्व्हेट जुलै २०१९ मध्ये जाहीर झाली. डंटोव्ह यांची रक्षा केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथील राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात ठेवण्यात आली आहे.