जावा मानवाचा एकाकी शोधकर्ता

मानव आणि वानर यांचा पूर्वज एकच, हा विचार चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला. परंतु त्याला पुष्टी देणारा जीवाश्मांचा पुरावा त्या वेळी जवळपास नव्हताच. जर्मनीतील निअँडर खोऱ्यात १८५६ मध्ये सापडलेली हाडे तेवढी हाती होती आणि तीही एखाद्या आजारी आधुनिक माणसाची असावीत, असे रुडॉल्फ विरचो यांच्यासारखे मातब्बर शास्त्रज्ञ मानत होते. अशा काळात केवळ हा पुरावा शोधण्यासाठी विद्यापीठातील सुखाची नोकरी सोडून हजारो मैलांवरील बेटांकडे निघालेला एक तरुण डॉक्टर म्हणजे यूजीन द्युब्वा. त्यांना हवे ते सापडले. मात्र जे सापडले ते जगाला पटवून देण्यात त्यांचे उर्वरित आयुष्य खर्ची पडले.

द्युब्वा यांचा जन्म २८ जानेवारी १८५८ रोजी नेदरलँडच्या दक्षिणेकडील आइस्डेन या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. परिसरातील चुनखडीच्या टेकड्यांत सापडणारे जीवाश्म गोळा करण्याचा छंद त्यांना बालपणीच जडला. अॅमस्टरडॅम विद्यापीठातून १८८४ मध्ये ते डॉक्टर झाले. पण रुग्ण तपासण्यापेक्षा शरीररचनाशास्त्रात त्यांना अधिक रस होता. त्याच विषयाचे अध्यापन त्यांनी पत्करले. मात्र स्वरयंत्रावरील आपल्या संशोधनाचे श्रेय वरिष्ठ प्राध्यापक घेतील, या शंकेने ते अस्वस्थ झाले. श्रेयाविषयीची ही हळवी जाणीव पुढे जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिली.

मानवाच्या पूर्वजाचा शोध कोठे घ्यावा, याविषयी द्युब्वा यांचा तर्क सरळ होता. वानरे उष्ण कटिबंधात राहतात. तेव्हा अंगावरील केस गमावलेला मानवाचा पूर्वजही तेथेच राहत असला पाहिजे. गिबन आणि ओरांगउटान ही वानरे नेदरलँडच्या ताब्यातील ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात होती. शिवाय भारतातील शिवालिक टेकड्यांत वानरसदृश प्राण्याचे जीवाश्म सापडले होते आणि तेथील प्राचीन प्राणिसृष्टीचे जावातील प्राणिसृष्टीशी साम्य दिसत होते. सरकारने या मोहिमेला पैसा देण्याचे नाकारले, तेव्हा द्युब्वा यांनी वसाहतीच्या लष्करात वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी धरली. ऑक्टोबर १८८७ मध्ये पत्नी अॅना आणि तान्ही मुलगी यांच्यासह ते जहाजाने सुमात्राकडे निघाले. भवितव्य पणाला लावण्याचा हा वेडेपणा त्यांच्या सहकाऱ्यांना उमगला नाही.

सुमात्रातील गुहांनी त्यांची निराशाच केली. दाट अरण्य, मुसळधार पाऊस आणि हिवताप यांनी मजूर हैराण झाले. काही पळून गेले. द्युब्वा स्वतःही वारंवार तापाने फणफणत. दरम्यान १८८८ मध्ये जावातील वाजाक येथे एक जुनी मानवी कवटी सापडल्याची बातमी आली आणि १८९० मध्ये त्यांनी आपला मुक्काम जावाला हलविला. आता सरकारने त्यांच्या दिमतीला लष्कराचे दोन सार्जंट आणि सक्तमजुरीची शिक्षा भोगणारे सुमारे पन्नास कैदी दिले होते. सोलो नदीच्या काठी, त्रिनिल या गावाजवळ प्रत्यक्ष खणण्याचे काम या कैद्यांनी केले. शास्त्राच्या इतिहासात त्यांची नावे नोंदली गेली नाहीत.

त्रिनिल येथे सप्टेंबर १८९१ मध्ये एक दाढ आणि पुढच्याच महिन्यात कवटीचा वरचा भाग मिळाला. कवटी बसकी व जाड होती आणि भुवयांवरील हाडाचा उंचवटा ठळक होता. ऑगस्ट १८९२ मध्ये तेथून सुमारे पंधरा मीटरवर मांडीचे हाड सापडले. हे हाड तर थेट माणसासारखे, ताठ उभे राहून चालणाऱ्या प्राण्याचे होते. कवटीतील मेंदूचे आकारमान ९०० घनसेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चिंपांझीच्या दुपटीहून अधिक, पण आजच्या माणसाच्या सरासरीपेक्षा बरेच कमी होते. तिन्ही अवशेष एकाच प्राण्याचे आहेत, असा निष्कर्ष काढून द्युब्वा यांनी १८९४ मध्ये बटाव्हिया येथे आपला प्रबंध प्रसिद्ध केला. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी मानव व वानर यांमधील दुव्यासाठी कल्पनेनेच पिथेकॅन्थ्रोपस हे नाव सुचविले होते. द्युब्वा यांनी तेच नाव घेऊन त्याला इरेक्टस, म्हणजे ताठ उभा राहणारा, ही जोड दिली. मायदेशी परतण्यापूर्वी शिवालिकमधील जीवाश्म पाहण्यासाठी ते भारतातही येऊन गेले.

युरोपात त्यांचे स्वागत झाले ते वादळाने. लेडन येथे १८९५ मध्ये भरलेल्या प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत विरचो यांनी कवटी एखाद्या मोठ्या गिबनची असल्याचे प्रतिपादन केले. कोणी ती माणसाची ठरविली, कोणी वानराची. तिन्ही अवशेष एकाच प्राण्याचे कशावरून, हा आक्षेप तर अनेकांचा होता. द्युब्वा अस्थी घेऊन युरोपभर फिरले, व्याख्याने दिली, तज्ज्ञांना कवटी हाताळू दिली. अॅमस्टरडॅम विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, १८९९ मध्ये प्राध्यापकपदही मिळाले. पण त्याच वर्षी गुस्ताव श्वाल्बे यांनी याच कवटीवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध करून वाहवा मिळविली आणि द्युब्वा यांची जुनी जखम पुन्हा उघडी पडली.

त्यानंतर सुमारे दोन दशके त्यांनी हे अवशेष अभ्यासकांच्या दृष्टीआड ठेवले. घराच्या जमिनीखाली हाडे पुरून ठेवल्याच्या दंतकथाही पसरल्या. प्रत्यक्षात या काळात ते गप्प बसले नव्हते. प्राण्याच्या मेंदूचे आकारमान आणि शरीराचे वजन यांत गणिती नाते आहे काय, याचा त्यांनी चिवटपणे अभ्यास केला. या विषयाचे ते एक आद्य संशोधक मानले जातात. अखेर सहकारी शास्त्रज्ञांचा दबाव वाढल्यावर १८९१ ची ती कवटी १९२३ मध्ये पुन्हा अभ्यासकांसमोर आली.

नियतीचा खेळ असा, की पुढे पुरावे त्यांच्या बाजूने येऊ लागले तेव्हा द्युब्वा यांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. चीनमध्ये पेकिंग मानवाची कवटी १९२९ मध्ये सापडली. जावातच सांगिरान येथे राल्फ फॉन क्योनिग्सवाल्ड यांना १९३७ मध्ये त्रिनिलसारखीच कवटी मिळाली. हे सारे आदिमानवच होते, हे अभ्यासकांना पटू लागले. द्युब्वा मात्र आपला पिथेकॅन्थ्रोपस या सर्वांहून वेगळा आहे, असे आग्रहाने सांगत राहिले. त्याची शरीरयष्टी गिबनच्या धर्तीची धरली, तर त्याचा मेंदू त्यांच्या गणितानुसार मानवाच्या बरोबर अर्ध्या पायरीवर येत होता. म्हणजे गिबनशी असलेले साम्य मान्य करून ते आपला दुवा सोडत नव्हते, उलट तो वाचवू पाहत होते. या बारकाव्याकडे लक्ष न देता, त्यांनी आपला शोधच मागे घेतला, असा गैरसमज पुढे रूढ झाला. १६ डिसेंबर १९४० रोजी, युद्धाच्या धामधुमीत, वयाच्या ८२ व्या वर्षी हालेन येथे त्यांचे निधन झाले.

आज जावा मानव होमो इरेक्टस या जातीत गणला जातो. मांडीचे ते हाड मात्र बऱ्याच नंतरच्या माणसाचे असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. म्हणजे टीकाकारांचा तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. द्युब्वा यांनी जमविलेला संग्रह त्यांच्यानंतरही बोलत राहिला. त्रिनिलच्या एका शिंपल्यावर किमान ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वी कोणीतरी कोरलेल्या नागमोडी रेषा असल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. त्यांना निराश करणाऱ्या सुमात्रातील एका गुहेतील दात आधुनिक मानवाचे आणि ६३ ते ७३ हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१७ मध्ये सिद्ध झाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेदरलँड सरकारने या संग्रहातील २८ हजारांहून अधिक जीवाश्म इंडोनेशियाला परत करण्याचा निर्णय जाहीर केला. वसाहतीच्या सत्तेखाली, स्थानिकांच्या इच्छेविरुद्ध ते नेले गेले असावेत, असे त्यासाठी नेमलेल्या समितीचे मत होते. श्रेय कोणाचे, या प्रश्नाने द्युब्वा यांना आयुष्यभर छळले. त्यांच्या मृत्यूनंतर ८५ वर्षांनी तोच प्रश्न त्रिनिलच्या मातीने आणि तेथे राबलेल्या अनाम हातांनी पुन्हा विचारला आहे. द्युब्वा यांच्या जिद्दीचे मोल त्यामुळे कमी होत नाही, मात्र त्या शोधाची गोष्ट आता त्यांच्या एकट्याची राहिलेली नाही.