आतड्यातील सूक्ष्मजीवांचे अभ्यासक एली मेचनिकॉफ

पोट ठीक तर प्रकृती ठीक, ही समजूत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या रुजलेली आहे. आतड्यातील सूक्ष्मजीव आणि संपूर्ण शरीराचे आरोग्य यांच्यातील संबंधाची मांडणी ज्यांनी आधुनिक विज्ञानाच्या आधारे सर्वप्रथम ठळकपणे केली, त्यांत नोबेल पारितोषिक विजेते जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे काही निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले. मात्र त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न आजही वैद्यकशास्त्रासमोर आहे.

मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील, सध्याच्या युक्रेनमधील खारकीव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी अवघ्या दोन वर्षांत पूर्ण केला. १८७० साली, वयाच्या पंचविशीतच ओडेसा येथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

वैयक्तिक आयुष्यात मात्र त्यांना मोठे आघात सोसावे लागले. १८६९ साली विवाह झाला तेव्हा त्यांच्या पत्नी ल्युडमिला क्षयरोगाने इतक्या अशक्त झाल्या होत्या, की त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ साली मदेरा बेटावर त्यांचे निधन झाले. त्या दुःखात मेचनिकॉफ यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला, परंतु ते बचावले. १८७५ साली त्यांचा ओल्गा यांच्याशी विवाह झाला. ओल्गा यांनाही १८८० साली विषमज्वराने ग्रासले. त्यानंतर खचलेल्या मेचनिकॉफ यांनी पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि ते पुन्हा मृत्यूच्या दारातून परतले.

१८८२ साली नोकरीचा राजीनामा देऊन ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. तेथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या शरीरात बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता, फिरत्या पेशींनी त्या काट्यांना चहूबाजूंनी वेढल्याचे दिसले. शरीरातील काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळंकृत करून शरीराचे रक्षण करतात, हा भक्षकपेशींचा सिद्धान्त याच निरीक्षणातून आकाराला आला. या कार्याबद्दल १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

१८८८ पासून पॅरिसची पाश्चर संस्था ही त्यांची कर्मभूमी होती. ओडेसा येथील त्यांचे विद्यार्थी वॉल्डेमार हाफकिन हेही पुढे याच संस्थेत दाखल झाले. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ पसरल्यानंतर हाफकिन यांनी तेथे प्लेगवरील लस तयार केली. परळ येथील हाफकिन संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

उत्तरायुष्यात मेचनिकॉफ वार्धक्याच्या कारणांकडे वळले. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू विषारी द्रव्ये निर्माण करतात आणि त्यामुळे अकाली वार्धक्य येते, असे त्यांचे मत होते. दूध आंबवणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात व त्या आम्लात कुजवणारे जिवाणू वाढत नाहीत, हे ज्ञात होते. बल्गेरियातील ग्रामीण भागात दीर्घायुषी लोक मोठ्या संख्येने असून त्यांच्या आहारात दह्याला महत्त्वाचे स्थान आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. ते स्वतः नियमितपणे आंबवलेले दूध घेत. १९०४ सालच्या त्यांच्या व्याख्यानानंतर युरोपात अशा दुधाची मागणी वाढली आणि औषधाच्या दुकानांतून जिवाणूंच्या गोळ्याही विकल्या जाऊ लागल्या.

या विचाराला घातक वळणही लागले. मोठे आतडे निरुपयोगी असल्याच्या समजुतीतून लंडनचे शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन यांनी अनेक रुग्णांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढून टाकले. त्यांपैकी काही रुग्ण दगावले. पुराव्याच्या पुढे धावणाऱ्या निष्कर्षाची किंमत रुग्णांना मोजावी लागली.

मेचनिकॉफ यांचे १५ जुलै १९१६ रोजी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने पॅरिस येथे निधन झाले. दह्यातील ज्या जिवाणूवर त्यांची भिस्त होती, तो मानवी आतड्यात कायमचा वस्ती करत नाही, असे नंतरच्या संशोधनात आढळले. मोठे आतडे निरुपयोगी नसून तेथील जिवाणू अन्नातील तंतुमय पदार्थांपासून आतड्याच्या पेशींना पोषण देणारी आम्ले तयार करतात, हेही स्पष्ट झाले. दही-ताक हा चांगला आहार आहे. मात्र ते दीर्घायुष्याची हमी देते, असे सिद्ध झालेले नाही. डाळी, भाज्या, फळे आणि भरड धान्ये यांतील तंतुमय पदार्थांचेही महत्त्व तितकेच आहे.

शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा मोठा भाग आतड्याच्या परिसरात असतो आणि तेथील सूक्ष्मजीवांचा या पेशींच्या कार्यावर परिणाम होतो, हे आता मान्य झाले आहे. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी आणि आतड्यातील जिवाणू हे मेचनिकॉफ यांच्या आयुष्यातील अभ्यासाचे दोन स्वतंत्र विषय होते. आजच्या संशोधनात ते दोन्ही विषय एकत्र आले आहेत. त्यांचा अस्थिकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जतन करण्यात आला आहे.