समजून घ्या : पीत पत्रकारितेच्या मालकाने पत्रकारितेचे महाविद्यालय का उभारले?

पुलित्झर पुरस्काराचे नाव सर्वांना माहीत असते. मात्र जोसेफ पुलित्झर यांची मोठी धडपड होती ती पत्रकारितेच्या महाविद्यालयासाठी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते सुरू झाले, तेव्हा पुलित्झर हयात नव्हते.

पुलित्झर कोण होते?
जन्म १० एप्रिल १८४७, हंगेरीतील माको येथे. अमेरिकेतील यादवी युद्धासाठी सैनिक भरती सुरू असताना १८६४ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी ते तिथे पोहोचले. इंग्रजी जेमतेम येत होते. युद्धानंतर सेंट लुईस शहरात मिळेल ते काम केले. १८६८ मध्ये तेथील एका जर्मन दैनिकात ते बातमीदार झाले. बातमीदारी शिकवणारी शाळा नव्हती. ते कामावरच शिकले. १८८३ मध्ये त्यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ विकत घेतले.

‘वर्ल्ड’ने काय केले?
स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा १८८५ मध्ये या दैनिकाने वाचकांकडून एक लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली. दुसरी बाजूही होती. १८९५ मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट स्पर्धेत उतरले आणि खपासाठी दोन्ही दैनिकांत भडक, अतिरंजित बातम्या छापल्या जाऊ लागल्या. याच चढाओढीतून ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द रूढ झाला.

महाविद्यालयाला विरोध का झाला?
बातमीदार वृत्तपत्राच्या कचेरीतच घडतो, असा तेव्हाचा समज होता. पुलित्झर यांनी १८९२ मध्ये निधी देऊ केला, तरी कोलंबियाने नकार दिला. वकील, डॉक्टर प्रशिक्षण घेतात, मग जनमत घडवणाऱ्यांनी का घेऊ नये, असा त्यांचा मुद्दा होता. अखेर १९०३ मध्ये करार झाला. एव्हाना त्यांची दृष्टी जवळपास गेली होती.

वादाचा मुद्दा कोणता?
हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी सुचवलेल्या अभ्यासक्रमात जाहिरात, वितरण असे व्यवसायाचे विषयही होते. खपावर श्रीमंत झालेल्या पुलित्झर यांना ते मान्य नव्हते. महाविद्यालयात संपादकीय काम शिकवावे, धंदा नव्हे, यावर ते ठाम होते. पुढे सल्लागार मंडळाच्या नावांवरून विद्यापीठाशी खटके उडाले आणि आपल्या मृत्यूनंतरच काम सुरू व्हावे, असे त्यांनी ठरवले. दरम्यान, १९०८ मध्ये मिसुरी विद्यापीठाने पत्रकारितेची स्वतंत्र शाळा सुरू करून आघाडी घेतली.

पुढे काय झाले?
२९ ऑक्टोबर १९११ रोजी पुलित्झर यांचे निधन झाले. त्यांनी ठेवलेल्या २० लाख डॉलरच्या निधीतून ३० सप्टेंबर १९१२ रोजी वर्ग सुरू झाले. पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात अर्थशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाले. १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले.

पुलित्झर पुरस्कार १९१७ पासून दिले जाऊ लागले. १९३५ मध्ये महाविद्यालय पूर्णपणे पदव्युत्तर झाले. पुलित्झर यांचे ‘वर्ल्ड’ मात्र त्याआधीच, १९३१ मध्ये विकले गेले होते.