पहिल्या उपग्रहाचा शिल्पकार

१९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ४ तारखेस मानवाने घडविलेला एक लहानसा गोल पृथ्वीभोवती फिरू लागला. स्पुटनिक हे त्याचे नाव एका रात्रीत जगाच्या तोंडी झाले. पण तो कोणी घडविला, हे मात्र जगास कळले नाही. त्याचे कर्ते होते सर्गेई कोरोलेव्ह.

सर्गेईचा जन्म १९०७ साली युक्रेनमधील झितोमिर येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्याचे बालपण आजीआजोबांच्या घरी, काहीसे एकाकीच गेले. चार वर्षांचा असताना आजोबांच्या खांद्यावर बसून त्याने प्रथमच विमान उडताना पाहिले. तो छंद कायमचाच जडला. ओडेसा येथे शाळेत असतानाच तो ग्लायडरचे, म्हणजे इंजिनावाचून तरंगणाऱ्या विमानाचे, आराखडे काढू लागला. पुढे मॉस्कोच्या तंत्रविद्यालयात तुपोलेव्ह या नामवंत विमानतज्ज्ञांचे मार्गदर्शन त्यास लाभले. १९३३ साली कोरोलेव्ह आणि त्यांच्या सोबत्यांनी एका तळघरात तयार केलेला अग्निबाण आकाशात झेपावला.

परंतु १९३८ साली खोट्या आरोपांवरून त्यांस अटक झाली. कोलिमाच्या बर्फाळ प्रदेशातील सोन्याच्या खाणीत त्यांस राबावे लागले. पुरेशा अन्नावाचून स्कर्व्ही रोग जडला व दात गळून पडले. पुढे त्यांस मॉस्कोतील ज्या तुरुंगात विमानांचे आराखडे करण्यास बसविले, तेथे प्रमुख होते तुपोलेव्ह. आणि गुरूही कैदीच होते! १९४४ साली कोरोलेव्ह सुटले. मनात कटुता असेलच, पण ते पुन्हा अग्निबाणांच्या कामास लागले.

उपग्रह सोडायचा तर प्रचंड शक्तीचा अग्निबाण हवा. त्यांच्या हाताखाली तयार झालेला आर-७ हा अग्निबाण १९५७ च्या मे महिन्यात प्रथम उडाला आणि वाटेतच नष्ट झाला. पुढील प्रयत्नही फसले. अखेर ऑगस्टमध्ये यश आले. नियोजित उपग्रह वजनदार होता व त्याची उपकरणे वेळेत होईनात. तेव्हा कोरोलेव्ह यांनी साधा उपग्रह करण्याचे ठरविले: व्यास ५८ सेंटिमीटर, वजन ८३.६ किलोग्रॅम, आत रेडिओयंत्र आणि बॅटऱ्या, बाहेर चार लांब शलाका. सुमारे ९६ मिनिटांत तो पृथ्वीस एक प्रदक्षिणा घाली, आणि त्याचे संकेत देशोदेशीचे हौशी लोक आपल्या यंत्रांवर ऐकत.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात गेले, तेही कोरोलेव्ह यांच्या देखरेखीखाली बनलेल्या यानातून. १०८ मिनिटांत गागारिन सुखरूप परतले. त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. कोरोलेव्ह यांचे नाव मात्र सरकारने गुप्तच ठेवले होते; वृत्तपत्रांतून त्यांचा उल्लेख केवळ मुख्य आराखडाकार असा होई.

१४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रिया चालू असताना त्यांचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. १६ जानेवारीच्या वृत्तपत्रात त्यांचे छायाचित्र छापून आले आणि त्याखाली त्यांचे नाव होते.