विनोबा भावे

आचार्य विनोबा भावे (मूळ नाव: विनायक नरहरी भावे, जन्म: ११ सप्टेंबर १८९५, गागोदे, तत्कालीन कुलाबा जिल्हा, मृत्यू: १५ नोव्हेंबर १९८२, पवनार, वर्धा जिल्हा) हे स्वातंत्र्यसैनिक, गीतेचे भाष्यकार, बहुभाषाकोविद आणि भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. महात्मा गांधी यांनी १९४० मध्ये त्यांची पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवड केली. त्यांच्या सार्वजनिक कार्याच्या मुळाशी सूत कातणे, विणणे, दळणे, स्वयंपाक करणे, जमीन खणणे व भाजीपाला पिकवणे असे रोजचे हातकाम होते. केवळ स्वतःच्या श्रमावर माणसाला जगता येते काय, या प्रश्नाचे उत्तर ते जवळजवळ चाळीस वर्षे स्वतःच्या दिनक्रमातून शोधत राहिले.

जन्मस्थान व कुटुंब

गागोदे हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात आहे. पनवेल तालुक्यातील कोन व पळस्पे या परिसरातून दक्षिणेकडे निघालेला मार्ग कर्नाळा ओलांडून पेण तालुक्यात जातो. डोंगर, भातखाचरे आणि फणसाची झाडे असलेल्या या भागात विनोबांचे बालपण गेले. आजोबा शंभूराव हे व्रतस्थ गृहस्थ होते. ते चांद्रायण व्रत करीत. या व्रतात चंद्राच्या कलेप्रमाणे रोज एकेक घास वाढवत पौर्णिमेला पंधरा घासांपर्यंत जायचे व पुढे एकेक घास कमी करीत यायचे, असा क्रम असतो. आहार मोजून घेण्याचा पहिला धडा विनोबांना घरातच मिळाला.

वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते. त्यांची वृत्ती वैज्ञानिकाची होती आणि कापड रंगवण्याच्या रसायनविद्येत त्यांना विशेष गती होती. निरनिराळे रंग तयार करून ते सुतावर व कापडाच्या लहान तुकड्यांवर चढवावेत आणि ते कितपत पक्के राहतात हे तपासावे, असे त्यांचे प्रयोग घरीच चालत. त्या काळी बडोद्यातील कलाभवन ही संस्था रंगकाम व विणकामाच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध होती. नरहरपंत एकदा दिवाळीला गावी आले, तेव्हा त्यांनी मुलांसाठी मिठाईऐवजी रामायण-महाभारताची बालपुस्तके आणली. कोणतीही गोष्ट मोजून व पडताळून पाहण्याची विनोबांची सवय वडिलांकडून आली.

आई रुक्मिणीबाई यांचा प्रभाव अधिक खोल होता. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला जेवायला वाढायचे नाही, असा त्यांचा नियम होता. परसातील फणस पिकला की पहिला वाटा शेजाऱ्यांकडे जाई, व तो पोहोचवण्याचे काम मुलांकडे असे. स्वयंपाक करताना त्या भजनात इतक्या रंगून जात की कधी मीठ घालायचे राहून जाई, तर कधी दोनदा पडे. विनोबांच्या ते लक्षातही येत नसे. वडील जेवायला बसल्यावर चूक उघडकीस येई. एकदा त्यांनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला व रोज एकेक दाणा मोजू लागल्या. ठराविक वजनाचे दाणे मोजून हिशेबाने लाख काढावेत, असे नरहरपंतांनी सुचवले. प्रत्येक दाण्याबरोबर नामस्मरण होते, म्हणून मोजणेच योग्य, असे विनोबांनी आईच्या बाजूने सांगितले. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा व शिवाजी यांनीही पुढे आजन्म ब्रह्मचर्य पाळून सेवाकार्य केले.

शिक्षण व गृहत्याग

विनोबांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण बडोद्यास झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय होता. घर सोडण्यापूर्वी त्यांनी आईच्या समोर चुलीत आपली प्रमाणपत्रे जाळली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेस गाडीतून उतरले आणि काशीला गेले. तेथे गांधीजींच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहारानंतर ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात पोहोचले. त्या वेळी गांधीजी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसले होते. त्यांनी विनोबांच्या हाती सुरी दिली व त्यांनाही भाजी चिरायला बसवले. विनोबांनी त्यापूर्वी कधी भाजी चिरलेली नव्हती. राष्ट्रीय कीर्तीचा नेता हे काम करतो, या दृश्याचा त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटला.

१९१७ मध्ये त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला. याच काळात त्यांनी विद्यार्थ्यांचे मंडळ स्थापन केले. मंडळातील मुले जात्यावर लोकांचे दळण दळून मिळालेल्या पैशातून वाचनालयासाठी पुस्तके घेत. ठरल्याप्रमाणे वर्ष पुरे होताच ते आश्रमात परतले.

ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत रुक्मिणीबाईंचे निधन झाले. आईच्या वस्तूंपैकी एक साडी व अन्नपूर्णेची मूर्ती एवढेच विनोबांनी स्वतःजवळ ठेवले. ती साडी ते उशाला घेत असत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर, साडी खादीची नसल्याने, त्यांनी ती साबरमती नदीत विसर्जित केली.

सूत आणि माग

आश्रमाच्या आरंभीच्या काळात हातसुताची परंपरा जवळजवळ लुप्त झाली होती. त्यामुळे आश्रमवासी गिरणीचे सूत आणून मागावर नवार व कापड विणत. विनोबाही नवार विणण्यास शिकले. गिरणीच्या सुतावर अवलंबून राहिल्यास विणकर स्वतंत्र होत नाही, हे लवकरच ध्यानात आले व चरख्याचा शोध सुरू झाला. त्यानंतर कापसापासून कापडापर्यंतची प्रत्येक पायरी विनोबांनी हाताने करून पाहिली. त्यात कापसातून सरकी काढणे, रुई पिंजणे, पेळू बनवणे, टकळीवर किंवा चरख्याच्या चातीवर सूत काढणे, ते गुंडाळून लट्या बांधणे, ताणा लावणे आणि विणणे ही सारी कामे होती.

हातसुताच्या मोजणीत चार फूट लांबीला एक तार म्हणतात. १६० तारांची एक लटी आणि ६४० तारांची एक गुंडी होते. कातलेले सूत विनोबा नेहमी या मापाने मोजत. सुताचा सारखेपणा, मजबुती आणि लागलेला वेळ यांचीही ते नोंद ठेवीत. एका हातावर ताण येऊ नये म्हणून उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनी कातण्याचा सराव त्यांनी केला. चरख्यापेक्षा टकळी स्वस्त, कोठेही नेता येणारी व मुलांना सहज वापरता येणारी असल्याने तिच्या शिक्षणावर त्यांनी भर दिला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर आकारास आलेल्या नई तालीम योजनेत कातणे हा मूलोद्योग ठरला, त्यामागे या प्रयोगांचा आधार होता.

वर्धा, धुळे आणि नालवाडी

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांना वर्ध्यास पाठवले. ८ एप्रिल १९२१ रोजी त्यांनी तेथील सत्याग्रहाश्रमाची जबाबदारी घेतली. आश्रमात नोकर नव्हते; दळण, स्वयंपाक, झाडलोट व संडाससफाई ही कामे सर्व आश्रमवासी पाळीपाळीने करीत.

आईच्या इच्छेनुसार विनोबांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला. हा गीताई नावाचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी धुळे तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. तुरुंगातही विनोबा दळणाच्या कामात सहभागी होत व इतर राजबंद्यांनीही आपला वाटा उचलावा, असा त्यांचा आग्रह असे.

१९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडी या दलितवस्तीच्या गावी राहू लागले. येथे त्यांनी सर्वांत कठोर प्रयोग केला. चालू दराने मिळणाऱ्या कताईच्या मजुरीतच स्वतःचा निर्वाह करायचा, असे त्यांनी ठरवले. दिवसातील बहुतेक वेळ ते सूत कातत; अध्यापनही कातता कातताच चाले. कुशल हाताने पूर्ण दिवस काम करूनही मिळणारी रक्कम पोटभर अन्नाला पुरत नाही, हे या हिशेबातून उघड झाले. खादी खरेदी करणारा देशसेवा करीत असला, तरी ती कातणारी स्त्री उपाशी राहते, ही विसंगती होती. गांधीजीही त्या काळात हाच प्रश्न मांडत होते. १९३५ मध्ये अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे खादी महागली व तिचा खप घटण्याची भीती व्यक्त झाली. तथापि, मजुरीचे तत्त्व कायम राहिले.

पवनार: कुदळ आणि वाफे

अपुरा आहार व अतिश्रम यांमुळे विनोबांची प्रकृती ढासळली. वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी हवापालटाचा सल्ला दिला, तेव्हा त्यांनी दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी वर्ध्यापासून जवळच, धाम नदीकाठी असलेल्या पवनारची निवड केली. मार्च १९३८ मध्ये ते तेथील जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहण्यास आले. औषध म्हणून त्यांनी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी केवळ काही मिनिटे खणायचे व रोज थोडा वेळ वाढवत न्यायचे, असा क्रम ठेवल्याने प्रकृती सुधारली. या परिसरात खणताना प्राचीन मूर्ती सापडल्या. त्यांतील राम-भरत भेटीचे शिल्प पुढे आश्रमात स्थापन करण्यात आले. या स्थानास परंधाम असे नाव मिळाले.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ त्यांनी पवनार येथूनच केला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना वेल्लोर व शिवनी येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. वेल्लोरला ते दक्षिणेकडील चारही भाषा शिकले. सुटकेनंतर १९४६ पासून ते खांद्यावर फावडे घेऊन रोज पवनारहून सुरगावला पायी जात व गावाची मैलासफाई करीत.

१९५० च्या आरंभी त्यांनी पवनारला कांचनमुक्तीचा व ऋषिशेतीचा प्रयोग सुरू केला. आश्रम पैशाच्या आधारावर चालवायचा नाही, बाजारातून भाजी आणायची नाही आणि बैलांशिवाय केवळ मनुष्यबळाने शेती करायची, अशी त्याची अट होती. आश्रमवासीयांनी विहीर खणली. रहाट माणसेच फिरवीत. फेऱ्यांबरोबर गीताईचे श्लोक म्हटले जात. सुशिक्षित तरुणांना हे श्रम जड गेले. परंतु वाफ्यातील भाजी व शेतातील धान्य यांवर ताट भरण्याची खटपट नेटाने चालू राहिली. बैल बाळगू न शकणाऱ्या गरिबाला थोडी जमीन मिळाली, तर तो तिच्यावर जगू शकेल काय, हा या प्रयोगामागील प्रश्न होता.

भूदान

या प्रश्नाचा उत्तरार्ध तेलंगणात समोर आला. मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पवनारहून पायी निघाले. संमेलनानंतर ते हिंसाचारग्रस्त तेलंगणात फिरले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावातील भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमिनीची मागणी केली. गावातील जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देण्याची तयारी दाखवली व भूदानाची सुरुवात झाली. हे गाव आज भूदान पोचमपल्ली या नावाने, तसेच विणण्यापूर्वी सूत बांधून रंगवण्याच्या इकत कापडासाठी प्रसिद्ध आहे.

सुमारे तेरा वर्षे विनोबा देशभर पायी फिरले. पोटाच्या व्रणामुळे त्यांचा आहार मुख्यतः दूध, दही व मध एवढाच असे. चळवळीत ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे मिळाली. त्यांपैकी बरीच जमीन नापीक किंवा वादग्रस्त निघाली आणि मोठ्या भागाचे वाटप होऊ शकले नाही, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे.

घराघरांना चळवळीशी जोडण्यासाठी त्यांनी दोन साधे उपक्रम सुचवले. सर्वोदयपात्रात घरातील लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य टाकले जाई. गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या दिवशी, म्हणजे १२ फेब्रुवारीला, स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी अर्पण करणे यास सूतांजली म्हणतात.

उत्तरायुष्य

२५ मार्च १९५९ रोजी पवनार येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. सामूहिक साधना, शेती, स्वयंपाक व सूतकताई ही तेथील जीवनाची अंगे ठरली. १९६४ मध्ये विनोबा पवनारला परतले. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर मोठी टीका झाली. १९७९ मध्ये त्यांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण केले. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

सन्मान व वारसा

विनोबांना १९५८ मध्ये समाजनेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब जाहीर झाला. गीताई, गीता प्रवचने, मधुकर, स्थितप्रज्ञ-दर्शन आणि विचारपोथी हे त्यांचे प्रमुख मराठी ग्रंथ होत. पवनार येथील ब्रह्मविद्या मंदिर धाम नदीच्या काठी आजही कार्यरत आहे.