पुन्हा साचणाऱ्या रक्ताचा माग घेणारा फिरखो

हिंजवडी - आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या मुलांकडे राहायला आलेले वृद्ध वडील न्हाणीघरात घसरतात. डोक्याला लागलेला किरकोळ मार विस्मरणात जातो. काही आठवड्यांनी डोके दुखू लागते, पाय अडखळतात, विसरभोळेपणा वाढतो. घरचे त्याला वार्धक्य समजतात; पण कित्येकदा मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचत असते. कवटीला छिद्र पाडून ते काढले, तरी काही रुग्णांत ते पुन्हा साचते. या कोड्याच्या मुळाशी जाताना जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांचे स्मरण अपरिहार्य ठरते.

फिरखो यांचा जन्म १८२१ मध्ये प्रशियातील पोमेरेनियात झाला. १८४८ मध्ये अपर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करून या तरुण डॉक्टरने दारिद्र्य व सरकारी अनास्थेवर बोट ठेवले. राजकीय मतांमुळे त्यांना पुढील वर्षी बर्लिन सोडावे लागले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले. १८५८ मधील त्यांच्या ग्रंथाने रोगाचे मूळ पेशीत शोधण्याची दृष्टी दिली. संसदेत त्यांनी बिस्मार्क यांनाही धारेवर धरले.

या रक्तस्रावाचे कारण मेंदूच्या आवरणाचा दाह होय, असे त्यांनी १८५७ मध्ये मांडले. दाहातून नाजूक रक्तवाहिन्यांचा पडदा तयार होतो व तोच झिरपतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९१४ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक विल्फ्रेड ट्रॉटर यांनी इजा हेच कारण ठरविले आणि फिरखोंचे मत मागे पडले. आज दोघांचेही म्हणणे अंशतः खरे मानले जाते. सुरुवात बहुधा इजेने होते. रक्तस्राव टिकवितो तो दाहातून उपजलेला पडदा.

म्हणूनच केवळ रक्त काढणे पुरेसे ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतर निचऱ्याची नळी ठेवल्यास रक्त पुन्हा साचण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून सुमारे ९ टक्क्यांवर येते, असे केंब्रिज येथील २००९ च्या चाचणीत आढळले. पडद्याला रक्त पुरविणारी धमनी आतून बंद करण्याच्या उपचारालाही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी बळ दिले.

जानेवारी १९०२ मध्ये ऐंशी वर्षांचे फिरखो ट्राममधून उतरताना पडले. मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. वृद्धांचे पडणे क्षुल्लक मानू नये, हाच त्यांच्या अखेरचा धडा. पडल्यानंतर काही आठवड्यांनी वागणे वा चालणे बदलले, तर वयाला दोष देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून सीटी स्कॅनबद्दल विचारावे.