दख्खनचे पक्षी नोंदवणारे कर्नल साइक्स कोण होते?

ओढ्याकाठचा वंचक, उसाच्या बांधावरचा राखी वटवट्या, आंब्यावरचा हळद्या. सातारा-सांगलीत सहज दिसणाऱ्या या तिन्ही पक्ष्यांच्या शास्त्रीय नावापुढे एकच आडनाव लिहितात, साइक्स.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९०चा. १८०४मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८१७मध्ये खडकीला पेशव्यांविरुद्ध लढले. मराठी त्यांना चांगली येत होती. १८२४मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना मुलखाची आकडेवारी गोळा करण्यास नेमले. माणसे, पिके, पाऊस मोजत पुणे, नगर, खानदेश, धारवाड फिरताना त्यांनी पक्षीही जमवले. सातारा तेव्हा प्रतापसिंह महाराजांचे वेगळे राज्य होते.

तो काळ हाताने रंगवलेल्या पक्षिचित्रांचा. तांब्याच्या पत्र्यावर (पुढे दगडावरही) चित्र उतरवायचे, काळ्या शाईत छाप घ्यायचा आणि रंगवलेला नमुना समोर ठेवून कारागिरांनी प्रत्येक प्रतीत जलरंग भरायचे. अमेरिकी पक्ष्यांवरील ऑड्युबन यांच्या ग्रंथाची ४३५ चित्रे अशीच रंगली. हार्डविक आणि ग्रे यांच्या भारतीय प्राण्यांच्या ग्रंथात २०२ चित्रे होती. अडचण एकच: लंडनच्या चित्रकारापुढे पक्षी नसे, बहुधा वाळलेले कातडे असे. पिसांचा रंग बराच टिकतो. डोळे, चोच, पाय यांचा मात्र उडतो.

साइक्स यांची पक्ष्यांची यादी १८३२मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आली. तिच्यात एकही चित्र नव्हते. पण डोळ्यांचे रंग होते, पोटात सापडलेले अन्न होते, अनेक पक्ष्यांची मराठी नावेही होती. रंगीत चित्रात नेमके हेच निसटत असे, म्हणून ही रुक्ष यादी मोलाची. तिच्यातले ५६ पक्षी विज्ञानाला नवे होते.

त्यांनी वंचकाला ग्रे यांचे नाव दिले. मोठ्या राखी सातभाईला गव्हर्नर माल्कम यांचे. गंमत अशी की, माल्कम यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १८२९मध्ये, साइक्स यांचे पद रद्द झाले होते! तरीही त्यांनी अहवाल १८३१मध्ये पुरा केला, मगच मायदेशी गेले. महाबळेश्वरची माल्कम पेठही याच गव्हर्नरांच्या नावाची.

पुढे साइक्स कंपनीचे अध्यक्ष झाले, खासदार झाले. १८७२मध्ये ते वारले. दख्खनच्या माळावरच्या एका चंडोलाला आज त्यांचे नाव आहे. त्याचे शास्त्रीय नाव त्यांनी स्वतः ठेवले होते, ‘देवा’.